शेरा कोणी लिहायचा?

गेल्या महिन्यात नेरूळमधल्या आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचा विषय बाजूला राहिला आणि तासभर वाद रंगला तो भलत्याच प्रश्नावर. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने सापळा लावून एका लिपिकाला पकडल्याची बातमी त्या दिवशी सगळ्यांच्या वाचनात आली होती. हा गृहस्थ पूर्वीही एकदा पकडला गेला होता, निलंबित झाला होता आणि पुन्हा रुजू होऊन तशाच टेबलावर येऊन बसला होता, असे कोणीतरी सांगितले आणि सभेत दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की सरकारी नोकराला हात लावता येत नाही, कारण राज्यघटनेनेच त्याला कवच दिले आहे. ते कवच काढा, सगळ्या जागा कंत्राटी करा, मग बघा कसे सुतासारखे सरळ येतात. दुसऱ्या तटात सरकारी नोकरीत हयात घालवलेली मंडळी होती. चार नासक्या आंब्यांसाठी सगळी आढी बदनाम करू नका, मोठे मासे सुटतात आणि कारकून तेवढे जाळ्यात सापडतात, असा त्यांचा सूर होता.

मी स्वतः छत्तीस वर्षे सरकारी आस्थापना शाखांत काढली असल्यामुळे दुसऱ्या तटाने माझ्याकडे आशेने पाहिले. मी गप्प बसलो. दोन्ही तट चुकीच्या जागी भांडत आहेत असे वाटत होते, पण ते दोन वाक्यांत सांगता येण्यासारखे नव्हते. आता सवडीने सांगतो. अप्रामाणिक किंवा अकार्यक्षम कर्मचाऱ्याला घरी पाठवण्यासाठी लागणारा जवळजवळ प्रत्येक अधिकार आजच्या कायद्यात आहे. मात्र तो अधिकार न वापरणाऱ्या वरिष्ठाला त्याबद्दल कोणी जाब विचारत नाही. कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालात, म्हणजे दर वर्षी त्याच्या कामाबद्दल वरिष्ठाने लिहायच्या अहवालात, खरा शेरा लिहिणाऱ्याच्या मागे कटकट लागते, खोटा शेरा लिहिणाऱ्याच्या मागे काहीच लागत नाही. हे गणित उलटे होत नाही तोवर संरक्षण काढून घेतले, तर घरी जातील ते नको असलेले लोक. आणि ‘नको असलेले’ म्हणजे ‘नालायक’ असे समजण्याचे कारण नाही.

पहिल्या तटाचा दावा तपासून पाहण्याची सोय आपल्या नवी मुंबईतच आहे. बेलापुरात कोकण भवन, सिडको भवन आणि महापालिकेचे मुख्यालय ही तीन मोठी कार्यालये एका सकाळीत पायी पाहून होतात. कोकण भवनातला महसूल विभागाचा कर्मचारी राज्य शासनाचा नोकर आहे. त्याला राज्यघटनेच्या ३११व्या अनुच्छेदाचे संरक्षण आहे. सिडको ही १९७० साली स्थापन झालेली, शासनाच्या मालकीची असली तरी कंपनी आहे. सार्वजनिक उपक्रमातल्या नोकरांना ३११चा आधार मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने हिंदुस्तान स्टीलच्या प्रकरणात केव्हाच सांगितले आहे. महापालिका १ जानेवारी १९९२ पासून कारभार पाहते. तिचे कर्मचारी महापालिका अधिनियमाखाली नेमलेले असल्याने त्यांनाही हा अनुच्छेद लागू नाही. ठाण्यातही हेच चित्र आहे : कोर्टनाक्यावरच्या जिल्हाधिकारी कार्यालयातल्या अव्वल कारकुनाला घटनेचे कवच आहे, पाचपाखाडीच्या महापालिका मुख्यालयातल्या लिपिकाला नाही. घटनेतले कवच हेच जर दुखण्याचे मूळ असते, तर ज्यांना ते नाही त्या कार्यालयांतून कामचुकार आणि लाचखोर माणूस चुटकीसरशी बाहेर पडताना दिसायला हवा होता. या सगळ्या ठिकाणी खेटे घातलेल्या कोणाही नागरिकाला विचारून पाहावे. असा फरक जाणवल्याचे मी तरी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही.

शिवाय ३११वा अनुच्छेद उद्या रद्द केला, तरी सुनावणीचा हक्क दुसऱ्या दाराने परत येतो. दिल्ली परिवहन महामंडळाच्या विनियमांत एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार देऊन, कारण न सांगता, कायम कर्मचाऱ्याला काढण्याची तरतूद होती. तिथे ३११चा संबंधच नव्हता. तरीही १९९०मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती तरतूद समानतेच्या हक्काला बाधक म्हणून अवैध ठरवली. सरकार आणि सरकारी संस्था हे खासगी मालक नाहीत. त्यांना लहर लागली म्हणून माणूस काढता येत नाही. हे तत्त्व घटनेच्या १४व्या अनुच्छेदात आहे, आणि ते सोडून द्यावे असे आमच्या सोसायटीतला कोणी म्हणेल असे वाटत नाही, निदान स्वतःच्या मुलाच्या नोकरीबाबत तरी.

हा अनुच्छेद म्हणतो तरी काय? नेमणूक करणाऱ्या प्राधिकाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने बडतर्फ करू नये, आणि आरोप कळवून, म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देऊन, चौकशी केल्याशिवाय काढू नये. एवढेच. शिक्षा किती असावी याबद्दल पुन्हा म्हणणे मांडण्याची जी दुसरी संधी पूर्वी द्यावी लागे, ती १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने काढून टाकली. फौजदारी खटल्यात दोषी ठरलेल्याला चौकशीविना बडतर्फ करता येते. चौकशी घेणे व्यवहार्यच नसेल तर कारणे लेखी नोंदवून तीही टाळता येते; राज्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर तिसरा अपवाद आहे. हे अपवाद सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली तुलसीराम पटेल प्रकरणात उचलून धरले. ज्याला लोक अभेद्य कवच म्हणतात, त्याला इतकी दारे आहेत.

ही तरतूद ठेवताना घटनाकारांसमोर ब्रिटिशांचा वारसा होता हे खरे, पण तेवढेच नव्हते. ऑक्टोबर १९४९ मध्ये घटना समितीत बोलताना वल्लभभाई पटेलांनी सनदी सेवकांच्या बाजूने जो युक्तिवाद केला, त्याचा गाभा असा होता की आपले मत निर्भयपणे सांगू शकणारी सेवा नसेल तर देश एकसंध राहणार नाही. मंत्र्याला न आवडणारी टिपणी लिहिण्याची मोकळीक त्यांना हवी होती. ही मोकळीक नसली तर काय होते ते अमेरिकेने एकोणिसाव्या शतकात पाहिले. निवडणूक जिंकलेल्या पक्षाने जुने कर्मचारी काढून आपली माणसे भरायची, ही तिथली रीत अँड्र्यू जॅक्सनच्या काळापासून बोकाळली. १८८१ साली नोकरी न मिळाल्याने चिडलेल्या एका उमेदवाराने अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या, आणि १८८३ मध्ये पेंडल्टन कायदा करून गुणवत्तेवर आधारलेली भरती सुरू करावी लागली. पोस्टमास्तरपासून जकात अधिकाऱ्यापर्यंत सगळे ‘काढता येण्याजोगे’ होते, म्हणून तो कारभार स्वच्छ झाला होता का?

आपल्याकडचा दाखला अधिक बोलका आहे. पेशवाईच्या उत्तरार्धात पुण्याचा कोतवाल घाशीराम याच्याबद्दल लोकांच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत्या. त्या ऐकून चौकशी करण्याची गरज कारभाऱ्यांना वाटली नाही, कारण माणूस उपयोगाचा होता. १७९१ मध्ये त्याच्या कोठडीत कोंडलेले तैलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि शहर खवळले. तेव्हा त्याच कारभाऱ्यांनी त्याला जमावाच्या हवाली केले आणि जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. पाठीशी घालणे आणि दगडांनी ठेचणे यांच्यामध्ये जी एक पायरी असायला हवी, ती पुण्यात नव्हती. आज आपल्याकडे ती कागदावर आहे, तिला विभागीय चौकशी म्हणतात. पण ती इतकी मंद चालते की लोकांना पुन्हा दगडच जवळचे वाटू लागले आहेत.

लोकांचा राग खोटा आहे असे मात्र मी म्हणणार नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याला बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे गेली, आणि अटक झालेल्यांत बिल्डरांबरोबर महापालिकेचे अधिकारीही होते. अशा वेळी ‘प्रक्रिया’ हा शब्द ऐकला की संताप येणे स्वाभाविक आहे. संरक्षण काढा असे म्हणणारे काही नाक्यावरचेच लोक नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. वीरप्पा मोईली यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ मधल्या आपल्या चौथ्या अहवालात ३१०वा (सरकारी नोकर शासनाच्या मर्जीपर्यंत पदावर राहतो असे सांगणारा) आणि ३११वा हे दोन्ही अनुच्छेद वगळावेत आणि आवश्यक तेवढे संरक्षण साध्या कायद्याने द्यावे, अशी शिफारस केली होती. विचारान्ती केलेल्या या शिफारशीमागचे निदान बरोबर होते : या अनुच्छेदाभोवती नियमांचे, अपिलांचे आणि न्यायनिवाड्यांचे इतके थर जमले आहेत की शिक्षा देणाऱ्याचीच दमछाक होते. पण आयोगानेही संरक्षण नको म्हटले नाही; ते घटनेतून उचलून कायद्यात ठेवावे एवढेच म्हटले. जागा बदलल्याने गती कशी वाढणार, हा माझा प्रश्न त्यामुळे उरतोच.

गती का नाही, हे आतून पाहिलेल्याने सांगायला हवे. कर्मचारी लाच घेताना सापडला आणि अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काळ कोठडीत राहिला की तो निलंबित समजला जातो. पहिले तीन महिने त्याला साधारण अर्ध्या पगाराइतका निर्वाह भत्ता मिळतो. विलंबाला तो स्वतः कारणीभूत नसेल तर पुढे ही रक्कम पाऊण पगारापर्यंत वाढवता येते. या काळात शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याने दोषारोपपत्र बजावायचे, चौकशी अधिकारी आणि कार्यालयाच्या बाजूने पुरावा मांडणारा सादरकर्ता अधिकारी नेमायचे. यातले काहीच अवघड नाही. पण नस्तीवर, म्हणजे फाइलवर, पहिली टिपणी पडते ती बहुधा अशी : ‘प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने निकालाची प्रतीक्षा करावी.’ फौजदारी खटला चालू असला म्हणून विभागीय चौकशी थांबवलीच पाहिजे असे नाही, दोन्ही एकाच वेळी चालू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये पॉल अँथनी प्रकरणात स्पष्ट केले आहे. खटल्यात गुन्हा संशयातीत सिद्ध व्हावा लागतो, चौकशीत शक्यतांचे पारडे कोणीकडे झुकते ते पाहतात. म्हणजे चौकशी हीच अधिक सोपी वाट. तरीही ती टिपणी लिहिली जाते, तिच्यावर सही होते आणि नस्ती कपाटात जाते. का? कारण वाट पाहणाऱ्या अधिकाऱ्याला कोणी विचारत नाही, आणि निर्णय घेणाऱ्याला मॅटमध्ये, म्हणजे सरकारी नोकरांची प्रकरणे ऐकणाऱ्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, शपथपत्र दाखल करावे लागते.

मी एका चौकशीत सादरकर्ता अधिकारी होतो. कार्यालय या जिल्ह्यातले, नाव सांगण्यात अर्थ नाही. रोखवहीत खाडाखोड करून रक्कम हडपल्याचा आरोप होता आणि पुरावा चांगला होता. पहिल्या चौकशी अधिकाऱ्याची दोन तारखांनंतर बदली झाली. दुसऱ्यांनी, माझ्याकडे मूळ कामाचाच ढीग आहे असे सांगून सहा महिने तारीख दिली नाही. तिसरे आले तोवर एक साक्षीदार निवृत्त होऊन गावी गेला होता आणि मूळ रोखवही अभिलेख कक्षात सापडेना. ती ‘गहाळ’ झाली की ‘केली गेली’ याची चौकशी करावी असे मी लिहिले, त्या कागदाचे पुढे काय झाले हे मला माहीत नाही. अपचारी, म्हणजे आरोप असलेला, कर्मचारी दर तारखेला वेळेवर येत असे. विलंब त्याच्यामुळे झाला नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकतो. तो नियत वयोमानानुसार निवृत्त झाला, चौकशी त्यानंतर पूर्ण झाली आणि निवृत्तिवेतनातून किरकोळ कपात होऊन प्रकरण संपले. या साऱ्या प्रवासात घटनेचा ३११वा अनुच्छेद कोणाच्याही आड आला नव्हता.

सर्वोच्च न्यायालयासमोर २०१५ मध्ये प्रेमनाथ बाली यांचे प्रकरण आले, त्यात चौकशी रेंगाळल्याने तो कर्मचारी नऊ वर्षांहून अधिक काळ निलंबित राहिला होता. विभागीय चौकशी सहा महिन्यांत पूर्ण करण्याचा प्रयत्न करावा आणि टाळता न येण्याजोग्या कारणांनी ते शक्य नसेल तरी एक वर्षाच्या आत ती संपवावी, असे न्यायालयाने सांगितले. त्याच वर्षी अजयकुमार चौधरी प्रकरणात न्यायालयाने निलंबनाच्या तीन महिन्यांत दोषारोपपत्र बजावले नाही तर निलंबन पुढे चालू ठेवता येणार नाही असे म्हटले. दुसरा निर्णय प्रामाणिक माणसासाठी वरदान आहे. पण त्याचा वापर आळशी कार्यालये कसा करतात? दोषारोपपत्र वेळेत काढायचेच नाही, मग निलंबन पुनर्विलोकन समितीपुढे प्रकरण जाते आणि माणूस ‘अकार्यकारी पदावर’ परत येतो. आमच्या सभेतल्या त्या लिपिकाच्या पुनरागमनाचे कोडे बहुधा इथेच सुटते. अकार्यकारी पद म्हणजे जिथे लोकांशी संबंध येत नाही असे पद, ही कल्पना ठीकच. पण तुटपुंज्या मनुष्यबळाच्या कार्यालयात असे पद वर्षभरही अकार्यकारी राहत नाही.

या दिरंगाईचे टोक पाहायचे तर ठाणेकरांना लांब जावे लागत नाही. सचिन वाझे हा मुंबई पोलीस दलातला सहायक पोलीस निरीक्षक ख्वाजा युनूसच्या कोठडीतील मृत्यूप्रकरणी २००४ मध्ये निलंबित झाला. २००७ साली त्याने राजीनामा दिला, तो मंजूर झाला नाही. सोळा वर्षांनंतर, जून २०२० मध्ये, पुनर्विलोकन समितीच्या निर्णयाने तो सेवेत परतला. मूळ खटला तोवरही निकाली निघालेला नव्हता. पुढे मार्च २०२१ मध्ये मुंब्र्याच्या खाडीत ठाण्यातल्या एका व्यापाऱ्याचा मृतदेह सापडला, वाझेला अटक झाली, आणि मे महिन्यात चौकशी व्यवहार्य नसल्याचे कारण देणाऱ्या त्याच ३११च्या अपवादाखाली तो बडतर्फ झाला. त्याच्यावरील आरोपांचा निकाल न्यायालय देईल, तो आपला विषय नाही. आपला विषय एवढाच की २००४ ते २०२० या सोळा वर्षांत ‘ठेवा’ किंवा ‘काढा’ यांपैकी कोणताही निर्णय झाला नाही, आणि पुढे निर्णयाची निकड भासली तेव्हा तो काही आठवड्यांत झाला. अधिकार दोन्ही वेळी तोच होता.

अप्रामाणिकपणा आणि अकार्यक्षमता यांची एकाच दमात मोट बांधली जाते, हीही या वादातली मोठी गफलत आहे. चोराला आरोप, पुरावा आणि शिक्षा लागते. ज्याला काम जमत नाही किंवा जो करीत नाही, त्याने गुन्हा केलेला नसतो. त्याच्यासाठी वाट निराळी हवी, आणि ती आहे. पहिली वाट म्हणजे परिविक्षेचा, नोकरीत कायम होण्याआधीच्या उमेदवारीचा, काळ. नव्या कर्मचाऱ्याचे काम असमाधानकारक असेल तर या काळात त्याला कलंक न लावता, लांबलचक चौकशी न करता कार्यमुक्त करता येते. माझ्या छत्तीस वर्षांत असे कार्यमुक्त झालेले मी अगदी मोजके पाहिले. परिविक्षा समाधानकारकपणे पूर्ण केल्याचे आदेश मात्र एका छापातले काढले जात. दुसरी वाट म्हणजे वयाची ५० किंवा ५५ वर्षे अथवा सेवेची ३० वर्षे झाल्यावर होणारे पुनर्विलोकन. राज्याच्या निवृत्तिवेतन नियमांत ही तरतूद १९८२ पासून आहे आणि अशी सक्तीची निवृत्ती ही शिक्षा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये बैकुंठनाथ दास प्रकरणात म्हटले आहे. केंद्राने याच धर्तीच्या नियमाखाली जून २०१९ मध्ये प्राप्तिकर विभागातले १२ आणि त्यापाठोपाठ अप्रत्यक्ष कर विभागातले १५ अधिकारी घरी पाठवले. म्हणजे ठरवले तर होते.

मग ठरवत का नाहीत? कारण पुनर्विलोकन समिती पाहणार गोपनीय अहवाल, आणि तो खरा नसतो. इथे मला माझी स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या हाताखाली एक लिपिक होता. त्याच्या टेबलावर नागरिकांचे अर्ज महिनोन्‌महिने पडून राहत आणि त्याचे निम्मे काम शेजारची वरिष्ठ लिपिक मुकाट्याने उरकत असे. मी सलग तीन वर्षे त्याच्या अहवालात ‘निश्चित चांगला’ असे लिहिले. प्रतिकूल शेरा लिहिला तर तो त्याला कळवावा लागतो, त्याचे अभिवेदन, म्हणजे शेऱ्याविरुद्धचे लेखी म्हणणे, येते, मग माझे साहेब मलाच विचारतात की वर्षभरात तुम्ही त्याला किती ज्ञापने दिलीत, दप्तर तपासणी कधी केलीत, समज दिल्याची नोंद कुठे आहे. ती नव्हती. त्याच्या अकार्यक्षमतेचा पुरावा तयार करण्याइतका मी स्वतः कार्यक्षम नव्हतो, असेही म्हणता येईल. शिवाय बायको आजारी असलेल्या माणसाच्या पोटावर पाय कशाला द्या, असेही मनात आले. दया मी दाखवली, तिची किंमत त्या वरिष्ठ लिपिक बाईंनी आणि खिडकीबाहेर उभ्या असलेल्या लोकांनी भरली. मला कोणीही कधी विचारले नाही की या माणसाला ‘चांगला’ म्हणण्याचा आधार काय.

कंत्राटी भरतीच्या उपायाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण तो नवी मुंबईकरांना अनुभवाने ठाऊक आहे. शहराच्या सफाईचा बराचसा भार कंत्राटी कामगार वाहतात. त्यांना काढणे सोपे आहे, म्हणून त्यांच्या हजेरीचे, वेतनाचे आणि ठेकेदाराच्या बिलाचे प्रश्न संपले का? बाह्य संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय ६ सप्टेंबर २०२३ रोजी निघाला आणि महिना-दीड महिन्यात रद्द करावा लागला; परीक्षार्थींचा संताप त्यामागे होता. पण त्या वेळी न विचारलेला प्रश्न असा होता की सात-बाऱ्यावरची नोंद, बांधकाम परवानगी किंवा जातीचा दाखला अशा कागदावर अकरा महिन्यांच्या माणसाची सही असेल, तर बाराव्या महिन्यात त्या सहीबद्दल जाब कोणाला विचारायचा? लाच घेणाऱ्याच्या दृष्टीने तर उरलेले दिवस कमी असणे हे घाई करण्याचेच कारण ठरते. ज्या अधिकाऱ्याला कायम कर्मचाऱ्याच्या अहवालात खरे लिहिवत नाही, तो कंत्राटी माणसाच्या मुदतवाढीच्या पत्रावर खरे लिहील, असे समजायला आधार काय?

आता कर्मचाऱ्यांच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा. काढण्याचा अधिकार सैल केला की तो आधी सरळ माणसावर चालतो, हे म्हणणे खरे आहे. मुंबई महापालिकेचे उपायुक्त गो. रा. खैरनार १९९४ मध्ये निलंबित झाले ते मुख्यमंत्र्यांवर जाहीर आरोप केल्यानंतर. भूमाफियांच्या इमारती पाडणाऱ्याच्या वाट्याला ते आले. तुकाराम मुंढे यांची कार्यपद्धती कोणाला पटो न पटो, पण मे २०१६ मध्ये नवी मुंबईत आलेल्या या आयुक्तांविरुद्ध ऑक्टोबरमध्ये महासभेने अविश्वास ठराव केला, शासनाने तो अमलात आणला नाही, आणि पुढच्या मार्चमध्ये बदली मात्र झाली. राज्याच्याच बदली कायद्यात साधारण पदावधी तीन वर्षांचा आहे. सामूहिक बडतर्फीचा अनुभवही फार आश्वासक नाही. तमिळनाडूने २००३ मध्ये संपावरच्या सुमारे १ लाख ७० हजार कर्मचाऱ्यांना एका फटक्यात काढले आणि मग बहुतेकांना परत घेतले. आपल्या एसटीच्या २०२१-२२च्या संपात हजारो जण बडतर्फ झाले आणि पुढे कामावर आले. या दोन्ही वेळी घाऊक कारवाई झाली, पण कोण चांगला चालक आणि कोण तिकिटाचे पैसे खाणारा वाहक, याचा निवाडा त्यातून झाला नाही.

पण संघटनांच्या मित्रांना मला एक विचारावेसे वाटते. खोट्या तक्रारीने निलंबित झालेल्या प्रामाणिक माणसाला नऊ वर्षे लटकत ठेवणारी चौकशी ही त्याच्या हिताची कशी? दिरंगाई चोराला निवृत्तीपर्यंत पोहोचवते आणि निर्दोषाला निवृत्तीपर्यंत कलंकित ठेवते. म्हणून मुदतीचा आग्रह संघटनेनेच धरायला हवा. मोठे मासे सुटतात ही तक्रारही रास्त आहे. २०१८ च्या दुरुस्तीने भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात अभियोग मंजुरीवर, म्हणजे खटला भरण्याच्या परवानगीवर, तीन महिन्यांत, आणि कायदेशीर सल्ल्यासाठी लागल्यास आणखी एका महिन्यात, निर्णय घ्यावा असे म्हटले आहे, पण मुदत उलटून गेली तर मंजुरी अडवणाऱ्या अधिकाऱ्याचे काय, याबद्दल कायदा मूग गिळून आहे. लढायचे तर या मौनाविरुद्ध लढावे.

उपाय नव्याने शोधावा लागेल असेही नाही. २००५ च्या विलंब प्रतिबंध कायद्याप्रमाणे साधारण नस्ती कोणत्याही कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक राहता कामा नये, आणि हेतुपुरस्सर दिरंगाई ही शिस्तभंगाच्या कारवाईला पात्र आहे. विभागीय चौकशीची नस्ती ही पण नस्तीच ना? २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात दाखला वेळेत न देणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्ती आहे. ती खिडकीवरच्या माणसाला आहे, चौकशी अडवणाऱ्या वरिष्ठाला तशी काहीच नाही. चौकशी एका वर्षात संपली नाही तर विलंबाचे कारण चौकशी अधिकाऱ्याच्या आणि शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याच्या स्वतःच्या गोपनीय अहवालात नोंदवावे, आणि ज्याच्या कर्मचाऱ्याला ‘निश्चित चांगला’ शेरा मिळाल्यावर वर्षभरात लाच घेताना पकडले गेले तो शेरा लिहिणाऱ्या प्रतिवेदन अधिकाऱ्याकडून त्या शेऱ्याचा खुलासा मागवावा. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, शासन निर्णय पुरतो. असा नियम माझ्या वेळी असता तर मी काय लिहिले असते, याचे उत्तर मला माहीत आहे, आणि ते मला फारसे सुखावणारे नाही.

सभेनंतर पहिल्या तटातले एक तरुण शेजारी माझ्याकडे आले. ‘काका, पण आम्ही करायचे काय, निवेदन कोणाला द्यायचे?’ असे त्यांनी विचारले. निवेदन नको, माहितीचा अर्ज करू या, असे मी म्हणालो. दहा रुपयांचा न्यायालयीन मुद्रांक आणि दीडशे शब्दांची मर्यादा, तेवढे पुष्कळ झाले. बेलापूरच्या तिन्ही कार्यालयांसाठी तीन अर्ज आम्ही तयार केले आहेत. त्यात एक तक्ता मागितला आहे : निलंबनाचा दिनांक, दोषारोपपत्र बजावल्याचा दिनांक, चौकशी अधिकारी नेमल्याचा दिनांक, चौकशी अहवाल मिळाल्याचा दिनांक. कर्मचाऱ्याचे नाव मागितलेले नाही. शेवटचा रकाना मी माझ्या हाताने वाढवला आहे. त्याचे शीर्षक ‘विलंबास जबाबदार ठरविलेल्या अधिकाऱ्याचे पदनाम’ असे आहे.